पाणी राखायचं, ऊन वापरायचं: सरीसृपांची लक्षणं पाठ न करता

नागपुरात मृगाचा पाऊस पडला की दोन बातम्या हमखास येतात. एक अकरावीच्या प्रवेशाची आणि दुसरी कुणाच्या अंगणात, बाथरूममध्ये नाहीतर गाडीच्या डिक्कीत निघालेल्या सापाची. मी जीवशास्त्राची शिकवणी घेते, त्यामुळे माझ्या टेबलावर या दोन्ही एकदमच येतात. यंदा पहिल्याच आठवड्यात शेवटच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, ‘‘मॅडम, मे महिन्यात इथं पारा ४५ च्या वर जाते. मंग सापाचं रक्त थंड कसं राहीन? अन् राहत नसन, तर शीतरक्ती काहून म्हणते?’’

प्रश्न बिनतोड होता. पुस्तकात सरीसृपांची लक्षणं आठ-दहा ओळींत उरकतात. कोरडी, खवल्यांची त्वचा. शीतरक्ती. फुप्फुसांनी श्वसन. बहुतेकांचं हृदय तीन कप्प्यांचं. शरीराच्या आत फलन. कवचाची अंडी. बोटांना नखं. बाहेरचा कान नाही. मुलं या ओळींच्या पहिल्या अक्षरांचा एखादा शब्द बनवतात आणि घोकतात. परीक्षेच्या हॉलमध्ये त्यातलं एक अक्षर निसटलं की सगळी माळ ओघळते.

माझ्या मते या दहा गोष्टी नाहीतच, दोन आहेत. पाण्यापासून लांब राहायचं तर अंगातलं पाणी राखायचं कसं? आणि अंगाला ऊब आणायची कुठून? पुस्तकातली जवळजवळ प्रत्येक ओळ या दोनपैकी एका प्रश्नाचं उत्तर आहे.

बेडकाचं माहेर

आधी बेडूक पाहू. बेडूक जमिनीवर राहतो, पण त्याची अंडी म्हणजे नुसते जेलीतले मणी. उघड्यावर ठेवली तर तासाभरात सुकतील. त्यामुळे मादीला अंडी घालायला डबकं, तळं, भातखाचर शोधावं लागतं. लग्न होऊन जमिनीच्या घरी आलेली ही लेक प्रत्येक बाळंतपणाला पाण्याच्या माहेरी जाते. माहेर आटलं की वंश थांबला.

सरीसृपांनी माहेरच पदरात बांधून आणलं. त्यांच्या अंड्यात गर्भाभोवती पाण्याने भरलेली एक पिशवी असते, तिला उल्ब म्हणतात. नीटच्या पुस्तकात हिचंच नाव अम्नियॉन. गर्भ या खासगी तळ्यात तरंगत वाढतो. शेजारी पिवळ्या बलकाची पिशवी असते, ती त्याची शिदोरी. तिसऱ्या पिशवीत त्याने टाकलेली घाण साठते आणि तिच्याच भिंतीतून हवेची देवाणघेवाणही होते. या सगळ्यांना गुंडाळणारा एक पडदा आणि त्यावर कवच. कवचाला इतकी बारीक छिद्रं असतात की हवा आत-बाहेर करते, पण पाणी सहजी उडून जात नाही. साप आणि बहुतेक सरड्यांचं कवच चामड्यासारखं लवचिक असतं, मगरीचं कोंबडीच्या अंड्यासारखं कडक.

एकदा हे अंडं समजलं की दोन लक्षणं आपोआप मिळतात. अंड्यावर कवच चढल्यावर शुक्राणू आत शिरणार कुठून? म्हणजे फलन कवच चढायच्या आधी, मादीच्या शरीरातच व्हायला हवं. आणि शिदोरी पुरेशी असल्याने पिल्लू पूर्ण तयार होऊनच बाहेर येतं. बेडकासारखी शेपटीवाल्या पिलाची मधली अवस्था इथे नाही.

ही युक्ती फार जुनी आहे. कॅनडात जुन्या झाडांच्या पोकळ बुंध्यांत हायलोनोमस नावाच्या, पालीएवढ्या प्राण्याचे जीवाश्म मिळाले, ते सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे. सुरुवातीच्या सरीसृपांपैकी तो एक. पुढे पक्षी आणि सस्तन प्राणी आले, त्यांनीही हीच पिशवी ठेवली. बाळंतपणात ‘पाणमोट फुटली’ म्हणतात, ती पाणमोट म्हणजे तेच उल्ब. हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो, आणि ती शांतता मला फार आवडते.

माठ आणि स्टीलचा हंडा

आता कातडी. बेडकाची कातडी ओली असते, कारण तो तिच्यातूनही श्वास घेतो. ती म्हणजे मातीचा माठ. पाझरते, म्हणून थंड राहते, पण संध्याकाळपर्यंत पाण्याची पातळी उतरते. पालीची किंवा सापाची कातडी स्टीलचा हंडा. तिच्या खवल्यांत केराटिन असतं, म्हणजे आपली नखं आणि केस ज्या पदार्थाचे बनतात तोच. आतलं पाणी आत राहतं.

या हंड्याची किंमतही मोजावी लागते. कातडीतून श्वास बंद झाला, म्हणून सगळी भिस्त फुप्फुसांवर आली. घाम येत नाही, त्यामुळे माठासारखं पाझरून अंग थंड करणं जमत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे उन्हाळ्यात लागणार आहे. आणि तिसरं म्हणजे कडक झालेला वरचा थर अंगाबरोबर वाढत नाही, म्हणून तो अधूनमधून टाकावा लागतो. हीच कात. साप ती पायातला मोजा उलटा करून काढावा तशी सलग काढतो. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला असतो, तोही कातीबरोबर निघतो. कात टाकण्याआधी काही दिवस सापाचे डोळे दुधाळ निळसर दिसतात ते यामुळेच. पाल आणि सरडा कात तुकड्यातुकड्यांनी टाकतात.

इथे कुणीतरी विचारतंच की साप तर गुळगुळीत आणि ओलसर दिसतो. दिसतो, पण नसतो. खवल्यांवर उजेड चमकतो आणि आपल्याला तो ओला वाटतो. मासाही खवल्यांचा, पण माशाचे खवले कातडीच्या आतल्या थरातून येतात आणि सुटे निघतात. सरीसृपाचे खवले म्हणजे कातडीच्या वरच्या थराच्याच घड्या.

भिंतीवरची पांढरी टिकली

घरातल्या पालीची विष्ठा सगळ्यांनी झाडली आहे. काळी कांडी आणि तिच्या टोकाला पांढरी टिकली. ती टिकली म्हणजे पालीची लघवी.

शरीरात प्रथिनं मोडली की नायट्रोजनचा कचरा उरतो. तो मुख्यतः अमोनियाच्या रूपात टाकायचा तर भरपूर पाणी हवं, म्हणून बहुतेक मासे तसं करतात. आपण त्याचा युरिया करतो, त्यालाही पाणी लागतं, फक्त कमी. पाली, साप आणि जमिनीवरचे बहुतेक सरीसृप त्याचं युरिक आम्ल बनवतात. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, म्हणून पांढऱ्या लगद्याच्या रूपात टाकता येतं आणि पाणी जवळपास सगळं वाचतं. पक्षीही हेच करतात, गाडीच्या काचेवर कबुतराने टाकलेला पांढरा डाग आठवा. कवचबंद अंड्यात तर अमोनिया चालणारच नाही. तिथे अमोनिया साचला असता तर गर्भ स्वतःच्याच घाणीत मेला असता. मगरी आणि पाण्यातली कासवं यांना पाण्याची वानवा नाही, त्यामुळे त्यांच्यात अमोनिया आणि युरियाही बाहेर पडतो. नियमाचं कारण माहीत असलं की त्याचा अपवाद असा सहज उमगतो.

अर्धवट दुभाजक

श्वासाचं थोडक्यात. बेडूक तोंडाने हवा आत ढकलतो, सरडा बरगड्या फुलवून ओढतो. सापाच्या लांबट अंगात दोन सारखी फुप्फुसं मावत नाहीत, म्हणून डावं अगदी छोटं असतं किंवा नसतंच. कासवाच्या बरगड्या पाठीच्या ढालीला जडलेल्या असतात, त्याला पोटाकडचे स्नायू वापरावे लागतात. कार्टूनमध्ये कासव ढाल काढून ठेवतं, तसं खरं कासव करू शकत नाही, कारण ती ढाल त्याच्या मणक्यांची आणि बरगड्यांचीच बनलेली असते.

हृदयावर मात्र प्रश्न येतोच. वर दोन कप्पे, खाली एक, आणि खालच्या कप्प्यात अर्धवट पडदा. वर्धा रोडवर मध्ये दुभाजक अर्धाच असला तर येणारी-जाणारी वाहनं थोडी मिसळतील, पण आपापल्या बाजूने जाणारी जास्त असतील. तसंच शुद्ध आणि अशुद्ध रक्त थोडं मिसळतं. मगर, सुसर या गटात पडदा पूर्ण असतो, म्हणून कप्पे चार.

मग तीन कप्प्यांचं हृदय कमी प्रतीचं का? मला हा शब्दच पटत नाही. कासव पाण्याखाली असतं, श्वास थांबलेला असतो, अशा वेळी फुप्फुसांकडे रक्त पाठवण्यात काही हशील नसतं. अर्धवट दुभाजकामुळे ते रक्त दुसरीकडे वळवता येतं. चार कप्पे असूनही मगरीने हृदयाबाहेर एक जोडवाट ठेवली आहे, तीही याच कामाला येते.

‘काहून म्हणते’चं उत्तर

आता मूळ प्रश्न. शीतरक्ती म्हणजे ज्याच्या शरीराचं तापमान भोवतालाबरोबर बदलतं, कारण त्याला ऊब मुख्यतः बाहेरून मिळते. रक्त थंड असतं असा याचा अर्थ नाही. दुपारी उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त तुमच्याइतकंच गरम असू शकतं. शब्द जुना आहे आणि दिशाभूल करणारा आहे, पण परीक्षेत तोच येतो. म्हणून तो लिहा आणि अर्थ असा समजून लिहा.

आंघोळीचं पाणी तापवायचे दोन मार्ग घ्या. गॅस गीझर पाऊस असो, थंडी असो, कधीही गरम पाणी देतो, पण सिलिंडर संपत राहतो. गच्चीवरचं सोलर फुकट चालतं, पण सूर्य उगवेपर्यंत थांबावं लागतं. आपण आणि उंदीर गॅसवाले. साप आणि सरडे सोलरवाले. तेवढ्याच वजनाच्या सस्तन प्राण्याला जितकं अन्न लागतं, त्याच्या साधारण दहाव्या हिश्शात सरीसृपाचं भागतं. उंदराला रोज खावं लागतं, अजगर एका मोठ्या शिकारीवर कित्येक आठवडे काढतो.

नागपुरात हे सगळं डोळ्यांनी दिसतं. जानेवारीत सकाळी पारा दहाच्या आसपास असतो, तेव्हा सरडा कंपाउंडच्या भिंतीवर अंग चपटं करून उन्हाला बसतो. तो आळशी नाही. त्याचं यंत्र अजून तापलेलं नाही, तोवर पळणंही जमत नाही आणि पचनही होत नाही. साडेदहा-अकराला तोच सरडा हाती लागत नाही.

मे महिन्यात गणित उलटं होतं. बहुतेक सरीसृपांचं शरीर ४० अंशांच्या पुढे गेलं की जीव धोक्यात येतो. घाम नाही, हे वर सांगितलं. नवतपाच्या दुपारी रस्त्यावर सरकणारा साप थोड्याच वेळात मरेल. म्हणून तो बिळात जातो, जमिनीखाली थोडं उतरलं तरी तापमान बरंच कमी असतं. रात्री बाहेर पडतो. दिवसा शहरात सापडलाच तर कूलरच्या टपाखाली, माठाच्या तिवईमागे, विटांच्या ढिगात सापडतो. तो आपल्या मागावर आलेला नसतो, सावली आणि ओल शोधत आलेला असतो. मुलीला मी एवढंच सांगितलं, की साप ४५ अंशांत थंड राहत नाही, तो ४५ अंशांत राहतच नाही.

निसर्गाने इथेही एक खिडकी उघडी ठेवली आहे. अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळं घालते आणि स्नायू थरथरवून त्यांना ऊब देते. तेवढ्या काळापुरती ती गॅस पेटवते.

मग पावसाळ्यातच साप का निघतात?

बिळात पाणी शिरतं. बेडूक मुबलक होतात. उन्हाळ्यात घातलेली अंडी याच सुमारास फुटतात. तिन्ही कारणं एकत्र आली की बातम्या येतात.

हा विषय परीक्षेपुरता नाही, म्हणून इथे थोडं थांबते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. त्यात खेड्यातली, शेतात राबणारी माणसं सगळ्यांत जास्त. नाग आणि मण्यार यांचं विष मुख्यतः नसांवर काम करतं, घोणस आणि फुरसे यांचं रक्तावर. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि पुष्कळदा ते कळतही नाही, म्हणून खाट आणि नीट खोचलेली मच्छरदाणी यांचं मोल मोठं आहे. दंश झाला तर कापू नका, चोखू नका, करकचून बांधू नका. तो भाग हलू न देता थेट दवाखाना गाठा. आपल्याकडचं प्रतिसर्पविष या चारही सापांवर चालतं.

‘पण सगळे कुठे सरपटतात?’

ही हरकत दरवर्षी येते. कासव चालतं, सरडा धावतो. नाव ढोबळ आहे. पाय अंगाच्या बाजूला फुटलेले, त्यामुळे पोट जमिनीलगत राहतं, एवढाच त्याचा अर्थ. सापांचे पाय उत्क्रांतीत गेले, पण अजगराच्या गुदद्वाराजवळ मागच्या पायांचे अवशेष अजून नखासारखे दिसतात. आणि सरपटतं ते सगळं सरीसृप नाही. कुंडीच्या मातीत निघणारा काळपट, दोऱ्यासारखा वाळा साप आहे. त्याला खवले असतात आणि तो जीभ बाहेर काढतो. शेजारचं गांडूळ वलयांचं, त्याला कणाच नाही. सह्याद्रीतलं देवगांडूळ दिसतं तसंच, पण ओल्या कातडीचं, म्हणून उभयचर. वाळ्यात फक्त माद्या असतात आणि त्या नराशिवायच अंडी घालतात. हे ऐकल्यापासून माझे विद्यार्थी त्याला मारत नाहीत, उचलून परत मातीत सोडतात.

डायनासोरही सरीसृपच, पण त्यांचे पाय अंगाच्या खाली सरळ होते. त्यासाठी फार लांब जायला नको. वरोऱ्याजवळच्या पिसदुरा परिसरात अजस्र शाकाहारी डायनासोरांची हाडं आणि त्यांची दगड झालेली विष्ठा मिळाली आहे. एकोणिसाव्या शतकात तिथले जीवाश्म गोळा करणाऱ्यांत स्टीफन हिस्लॉप होते, ज्यांच्या नावाचं कॉलेज आपल्या सिव्हिल लाइन्समध्ये आहे. त्या विष्ठेत गवताचे सूक्ष्म अंश सापडले आणि डायनासोरांच्या काळात गवत होतं हे २००५ साली जगासमोर आलं.

पक्षी डायनासोरांचे वंशज आहेत. मगर नात्याने पालीपेक्षा चिमणीला जवळची. मग पक्षी सरीसृपांत का नाहीत? नात्यावरून गट पाडणारे आजचे अभ्यासक त्यांना त्यातच धरतात. शालेय वर्गीकरण बाह्य लक्षणांवर उभं आहे, तिथे पक्षी वेगळा वर्ग. उत्तरपत्रिकेत पुस्तकातलं लिहा, डोक्यात दोन्ही ठेवा.

हमखास घसरायच्या जागा

‘सगळे सरीसृप अंडी घालतात’ हे चूक. घोणस, फुरसे आणि हरणटोळ यांची पिल्लं थेट बाहेर येतात, नाग, मण्यार आणि धामण अंडी घालतात. ‘बाहेरचा कान नाही’ म्हणजे बहिरे असं नाही. सरड्याला डोळ्यामागे कानाचा पडदा दिसतो, सापाला तोही नसतो, पण जबड्याच्या हाडांतून कंपनं आतल्या कानापर्यंत पोचतात. मेंदूतून निघणाऱ्या नसा १२ जोड्या, बेडकात १०. आणि जगात १२ हजारांहून जास्त जाती असल्या तरी जिवंत गण चारच: कासवं, मगरी, साप-सरडे-पाली आणि न्यूझीलंडमधला, सरड्यासारखा दिसणारा एकटा तुआतारा.

अंड्यातलं तापमान

एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली. आपल्याकडे मुलगा की मुलगी हे गुणसूत्रं ठरवतात. मगरी आणि बहुतेक कासवांत ते अंड्याभोवतीच्या वाळूचं किंवा मातीचं तापमान ठरवतं. मगरीची अंडी ३१ अंशांपर्यंत उबली तर माद्या, साडेबत्तीसच्या आसपास बहुतेक नर. समुद्री कासवांत वाळू गार असेल तर नर, तापलेली असेल तर माद्या.

ऊन बाहेरून घ्यायचं, हा या प्राण्यांचा सौदा. हवामान तापू लागलं की तो थेट पुढच्या पिढीवर येतो. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात हिरव्या समुद्री कासवांची तपासणी झाली. २०१८ साली आलेल्या त्या अभ्यासात, तिथल्या किनाऱ्यांवर जन्मलेल्या अल्पवयीन कासवांत ९९ टक्के माद्या निघाल्या.

हे सांगितलं तेव्हा तिनेच परत हात वर केला. ‘‘मंग नर कुठून येतीन?’’

काही अजून आहेत, कारण ही कासवं वयात यायलाच २५ वर्षं आणि त्याहून जास्त घेतात, म्हणजे आजचे बाप थंड काळात जन्मलेले आहेत. आणि दक्षिणेकडच्या गार किनाऱ्यांवर नर अजूनही जन्मतात. त्याच अभ्यासात तिथे माद्यांचं प्रमाण ६५ ते ६९ टक्के होतं.